भिंतीवरचा उंबरा

बयाबाईचा उजवा पाय सवयीनं वर गेला, हवेत क्षणभर राहिला आणि पलीकडे उतरू लागला, तो फरशी आधीच वर येऊन थांबलेली. मनात धरलेली उतरण तिथं नव्हतीच. टाच आदळली. गुडघ्यातून, कमरेतून, मानेतून एक कळ चढत गेली आणि दातांवर दात वाजले. हातातल्या ताटलीत हळदीकुंकवाचा करंडा कलंडता कलंडता राहिला. हॉलमध्ये वास्तुशांतीची माणसं जेवून सुपारी कातरत बसली होती. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले.

"आगं बया, उंबरा गेला की तुझा," शेजारची सारजाबाई म्हणाली. "आन् तू अजून घोड्यावर बसल्यावानी टांग टाकतीस व्हय?"

"पाय लई जुनं झाल्यात," बयाबाई म्हणाली. "त्यास्नी कुणी सांगितलं न्हाई अजून."

पुन्हा हसू झालं, आणि त्या हसण्याच्या आडोशानं ती भिंतीला हात लावून उभी राहिली. तसं बघितलं तर सकाळपासून येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांचेच पाय त्या जागी उचलले जात होते. डिंगोऱ्यातल्या ह्या घराला उंबरा होता हे साऱ्या आळीच्या पायांना पाठ होतं. खुद्द सुदर्शन, तिचा लेक, ज्यानं हे सगळं करून घेतलं, तोही पूजेला बसायच्या आधी तिथं अडखळला होता. म्हणून तर कुणाच्या ध्यानात आलं नाही. बाकीच्यांचे पाय दोनचार दिवसांत शिकणार होते, कारण त्यांना वरून बघणारे डोळे होते. बयाबाईच्या पायांना वरून बघणारं कुणी उरलं नव्हतं. घरात कुठं उजेड आहे, कुठं दार, कुठं पायरी, हे पायच तिला कळवायचे. आणि आज पायांनी पहिल्यांदा तिला खोटं सांगितलं होतं.

हे दोन वर्षांपूर्वी सुरू झालं. आधी बांगडीतून बघावं तसं दिसू लागलं, समोरचं नीट आणि कडेचं नाही. भाजी निवडताना कुणी शेजारी येऊन बसलं तर ते माणूस एकदम उगवल्यासारखं वाटायचं. मग बांगडीची अंगठी झाली. आता तर सुईच्या नेढ्यातून दोरा जावा तसं जग बारीक होऊन तिच्यात शिरत होतं: एक कान, एक भुवई, पेल्याची कड. नारायणगावला बाजाराचं निमित्त करून ती एकटीच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आली होती. बाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवून सांगितलं, "गेलं ते परत येणार नाही आजी. राहिलंय ते राखता येईल, पण नेमानं औषध आणि तपासणी लागेल. पुढच्या वेळी घरातलं माणूस घेऊन या." थेंबांची बाटली तिनं मिश्रीच्या डबीमागे ठेवली. ती संपली. पुढची वेळ काही आली नाही.

सांगायला तोंड नव्हतं असं नाही. सुदर्शन काही वाईट लेक नव्हता. पण सांगायचं म्हटलं की तिला घाटघरची सखूमावशी दिसायची. तिच्या आईची थोरली बहीण, वर डोंगरात दिलेली. मावशीची नजर गेली तेव्हा घरच्यांनी किती मायेनं केलं सगळं. खाट दाराशी आणली, आणि खाटेच्या पायापासून परसातल्या आडोशापर्यंत एक सुंभाची दोरी बांधली. धरून जा, धरून ये. मावशीला कुणी कधी वेडंवाकडं बोललं नाही. चुलीपाशी मात्र येऊ दिलं नाही, की पाण्याला जाऊ दिलं नाही. हळूहळू मावशी माणसांची राहिली नाही, दोरीची झाली. वाऱ्यानं दोरी हलली तरी ती मान वर करून विचारायची, "कोण आलं गं?" बयाबाई लहान होती. ती दारात उभी राहून बघायची, की कुणी आलेलं नाही, फक्त वारा आहे, आणि मावशी वाऱ्याशी बोलत्येय. ती हाक इतक्या वर्षांनीही तिच्या कानाच्या पाळीला लोंबत होती.

घर नवं करायचं म्हटलं तेव्हा तिनं नको म्हणायला हवं होतं, असं कुणालाही वाटेल. पण ती काय म्हणून नको म्हणणार? ह्या घरात नव्याला आधी हात तिनंच घातला होता. शेणाचं सारवण काढून शहाबादी फरशी टाकायची म्हणून कुंडलिकशी, नवऱ्याशी, चार दिवस अबोला तिनंच धरला होता. चूल मोडून ओटा आणला. ओट्याला कडाप्पा आणि कडाप्प्याखाली गुलाबी सनमायक्याची कपाटं. आळीतल्या बाया त्या सनमायक्यावर गाल ठेवून बघायच्या, इतकं ते गार आणि गुळगुळीत. मग शोकेस आली, तिच्यात काचेचे पेले, ज्यांतून कधी कुणी पाणी प्यालं नाही. भिंतींना आधी पोपटी ऑइलपेंट, मग फिका जांभळा. सुदर्शनच्या लग्नात वर पीओपीचं नक्षीकाम झालं, त्यात निळे दिवे. नवी नवरी आरती पहिल्या रात्री त्या दिव्यांकडे बघून म्हणाली होती, "आत्या, हे हॉटेलात असत्यात तसं हाय," आणि दोघी सासवासुना तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. ओटा आला तेव्हा बयाबाईची म्हातारी सासू म्हणायची, माझी चूल मोडली, आता मला पोटातून ऊब लागत न्हाई. बयाबाईला ते पटलं नव्हतं कधी. घर म्हणजे लेकीबाळीसारखं, तिला वाटायचं, नटायचं वय झालं की नटू द्यावं.

म्हणून नारायणगावाहून ऋषी नावाचा तो इंटेरियरवाला पोरगा आला, पायातले बूट काढून, मांडीवर लॅपटॉप घेऊन, आणि पडद्यावर सगळं पांढरंशुभ्र घर फिरवून दाखवू लागला, तेव्हा बयाबाई त्या उजेडाकडे तोंड करून बसली आणि मान हलवत राहिली. तिला दिसत होतं ते एवढंच, की पांढरं आहे. शोकेस गेली, निळे दिवे गेले. आता म्हणे कपाटाला मूठ नसते, नुसतं दाबलं की उघडतं. आता म्हणे स्वयंपाकघराला भिंत नसते.

"आणि हे उंबरे काढायचे सगळे," ऋषी म्हणाला. "फ्लोअरिंग एकसलग. आतून बाहेर पाणी सोडलं तर वाहत गेलं पाहिजे."

"मेन दाराचा तरी राहू द्या की," आरती म्हणाली होती. "आत्या रोज पूजा करत्यात त्याची."

"वहिनी, मी आजींसाठीच म्हणतोय. ह्या वयात ठेच लागली, खुब्याचं हाड गेलं, की माणूस उठत नाही."

सुदर्शननं विचारलं, "आई, काय करायचं?"

एकच वाक्य होतं. मला दिसत न्हाई रे, उंबरा हाय म्हणून मला दार कळतंय. ते वाक्य जिभेपर्यंत आलं, आणि त्याच्या मागोमाग सुंभाची दोरीही आली. "करा," ती म्हणाली. "नवं ते नवं."

त्या उंबऱ्याची गोष्ट पोरांना ठाऊक नव्हती असं नाही, पण ठाऊक असणं वेगळं. बयाबाईचं माहेर येडगावचं. धरण व्हायचं ठरलं आणि पाण्याच्या पोटात जाणाऱ्या घरांत तिच्या बापाचंही घर निघालं. लोकांनी कौलं उतरवली, तुळया काढल्या, दारं गाडीत घातली. उंबऱ्याला मात्र कुणी हात लावेना. उंबरा उपटला म्हणजे घर मेलं, असं म्हणायचे. बापानं शेवटच्या दिवशी पहारीनं तो सागाचा उंबरा मोकळा केला, उताणा न ठेवता पालथा ठेवला, त्याच्यावर पाणी घातलं आणि पोत्यात गुंडाळला. पुढं डिंगोऱ्याचं घर बांधायला काढलं तेव्हा म्हातारा बैलगाडीतून तो घेऊन आला. कुंडलिकला म्हणाला, "पावणं, भांडी तर सगळेच देत्यात." मधोमध झिजून त्याला खळगा पडलेला होता, गाईच्या पाठीसारखा. बापाच्या, आज्याच्या, पाण्याखाली गेलेल्या साऱ्या माणसांच्या पायांचा खळगा. मग त्यात बयाबाईच्या घरचे पाय पडू लागले. रोज पहाटे ती त्याला धुवायची, हळदीकुंकवाची बोटं ओढायची, पुढ्यात रांगोळीची दोन पावलं काढायची, आणि गुणगुणायची, कुणाला ऐकू जाणार नाही असं:

उंबऱ्या रं दादा, तुला पाणी घालते दारी
राखण तुझ्यावरी, माझी पाखरं बाहेरी.

उंबऱ्या रं दादा, तुझी झिजली रं पाठ
माझ्या बापाच्या पायाची तिथं बुडाली रं वाट.

कुंडलिक गेला तेव्हा आळीतल्या बायांनी सुचवलं, की आता हे हळदकुंकू सुनेच्या हातानं होऊ द्या. बयाबाई आत जाऊन बसली होती. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आरतीनं तिला उठवलं, ताटली तिच्या हातात दिली आणि म्हणाली, "आत्या, उंबऱ्याला काय कळतंय कोण सवाशीण आन् कोण न्हाई? त्याला तुमचाच हात ठावा हाय." एवढंच बोलली आणि दूध तापवायला गेली.

नव्या घरात उंबरा वाया घातला नाही, हे ऋषीनं वास्तुशांतीच्या दिवशी मोठ्या कौतुकानं दाखवलं. टीव्हीच्या बाजूला, उभ्या लाकडी पट्ट्यांनी मढवलेल्या भिंतीवर, त्यानं तो आडवा ठोकला होता. पॉलिश केलेला, खालून दिवा सोडलेला, वर दोन छोट्या कुंड्या. "असं जुनं लाकूड पुण्यात शोधून मिळत नाही आजी. सगळ्यांची नजर तिथंच जाते बघा." बयाबाईनं हात पुढं केला. तो खळगा तिच्या छातीच्या उंचीवर आला होता. बोटं त्यात नीट बसली. लाकडाला पॉलिशचा वास, आणि आतून दिव्याची थोडी ऊब. जिवंत माणसाच्या पाठीसारखी. तिच्या मनात आलं, ह्याला आता ओलांडायचं कसं? एवढा उंच पाय कुणाचा?

आणि मग दिवस सुरू झाले. फरशी पांढरी, भिंत पांढरी, कपाटं पांढरी. नेढ्यातून बघितलं तर सगळीकडे एकच दूध सांडलेलं. पूर्वी घर तिच्याशी बोलायचं. स्वयंपाकघराचा खडबडीत कट्टा, माजघराच्या फरशीतली ती फुटकी कड, न्हाणीची उतरण, शोकेसच्या काचेची थरथर, कुणी जवळून गेलं की. आता घर गप्प होतं. ते सुंदर होतं, हे तिला सगळ्यांच्या आवाजांतून कळायचं. आरोहीच्या, नातीच्या, मैत्रिणी येऊन फोटो काढायच्या. सारजाबाई म्हणायची, "दार काचंचं क्येलंय, बिबट्या येऊन भांग पाडून जाईल बघ." बयाबाई हसायची आणि मनातल्या मनात पुन्हा घर शिकायची. तिच्या खोलीतून निघालं की उजवा हात भिंतीवर. गार, गार, गार, मग एकदम लाकूड लागलं की ती दाराची चौकट. तिथं बसायचं. जिथं उंबरा होता तिथं आता नुसती फरशी. पण वारा तर तोच होता, शेतावरून येणारा, ओल्या मातीचा, टोमॅटोच्या पानांचा. त्या वाऱ्याच्या अंगावर ती हळदीची बोटं ओढायची. नसलेल्या उंबऱ्याची पूजा. आरती बघायची. दुपारी फरशी पुसताना तेवढी जागा सोडायची.

त्या दिवशी कुंकू संपलं होतं. करंडा भरायला ती आधी देवघराकडे गेली आणि परतताना पलीकडच्या अंगानं आली. अजून उजाडायचं होतं. तिला त्याचा काही फरक नव्हता. हात भिंतीवर होता. गार, गार, मग लाकूड लागलं. चौकट. ती खाली बसली. पदर खोचला, ओल्या फडक्यानं फरशी पुसली, हळदीची पाच बोटं, कुंकवाची पाच बोटं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ. कितीही नजर गेली तरी सरळ रेघ हाताला येते. पुढ्यात चिमटीनं रांगोळीची पावलं काढली, आत येणारी. ओवीचं पहिलं चरण ओठांवर आलं आणि तिथंच थांबलं.

वारा नव्हता.

तिनं तोंड थोडं पुढं केलं. माती नाही, पानं नाहीत. पॉलिशचा वास येत होता, आणि डोक्यावर कुठंतरी थोडीशी ऊब. तिनं हात वर नेला. बोटं खळग्यात गेली.

म्हणजे हे दार नव्हतं. ही टीव्हीची भिंत होती. चौकटीचं आणि ह्या पट्ट्यांचं लाकूड ऋषीनं एकच घेतलं होतं, मॅच व्हावं म्हणून. उंबरा तिच्या डोक्यावर होता, आणि त्याच्या खालून थेट समोरच्या सोफ्यापर्यंत, हॉलच्या मधोमध, तिनं दुसरा उंबरा काढून ठेवला होता. ज्याला दार नाही, ज्याच्या अलीकडे घर आणि पलीकडेही घरच. पांढऱ्याशुभ्र फरशीवर तांबडा आणि पिवळा. आंधळ्या माणसाशिवाय असं कोण काढील? तिचे कान तापले. आजवर झाकलेलं सगळं ती आपल्याच हातानं, आपल्याच बोटांनी, घराच्या छातीवर लिहून बसली होती.

पुसावं. फडकं हातात होतंच. तिनं ते रेघेवर नेलं आणि हात थांबला. कुंकू पुसायचं म्हटलं की दुसरंच काहीतरी आठवतं. विहिरीपाशी नेलं होतं तिला बायांनी, आणि ओल्या पदरानं कुणीतरी कपाळ पुसलं होतं, घाईघाईनं, जसं काही तिच्या तोंडाला काळं लागलंय. आता तोच हात तिचा स्वतःचा होता, आणि तो खाली जाईना. शिवाय पुसलं तरी कुठवर गेलं आणि कुठवर राहिलं हे तिला कोण सांगणार? फडक्यानं तांबडं पसरेल, फरशीभर होईल, आणि ते अजून वाईट.

स्वयंपाकघराच्या बाजूनं पावलं आली. आरतीची, चपला न घातलेली, जरा घाईची. आली, आली, आणि थांबली.

बयाबाईनं मान वर केली नाही. ह्या शांततेत आरती काय बघत असेल ते तिला नेढ्यावाचून दिसत होतं. आधी रेघ. मग रेघेच्या टोकाशी बसलेली सासू. मग दरवाजा, पार त्या तिकडे, कोरडा. मग कदाचित डाळीत राहिलेले खडे, दोन वेळा पडलेलं मीठ, फोडलेला एक कप, आणि नातीच्या फोटोत कॅमेऱ्याऐवजी भलतीकडे बघणारी आजी. एकेक येऊन आरतीच्या मनात जागेवर बसत असणार. बयाबाईला खाटेचा पाय दिसला. सुंभाची गाठ दिसली. मी मान वर करून विचारीन, कोण आलं गं, आणि वारा असेल.

"आरते," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा साधा निघाला. "कुठं काढला गं मी उंबरा?"

आरतीला खोटं बोलता आलं असतं. ती तशी मायाळू होती.

"हालमधी, आत्या," ती म्हणाली. "मधोमध."

"सरळ तरी आलाय का?"

"सरळ हाय."

बाहेर कुणाच्या तरी गोठ्यात गाय हंबरली.

"कवापासून?" आरतीनं विचारलं.

"दोन वर्सं झाली. तुजं निळं दिवं व्हतं, तवापासून कमी व्हत आलं. सांगणार व्हते."

"न्हाई सांगणार व्हता तुमी."

"न्हाई," बयाबाई म्हणाली. "मला दोरीवर ठेवू नगस, आरते." आणि आरतीला कळलं नाही कसली दोरी, हे तिच्या श्वासावरून बयाबाईला समजलं, म्हणून तिनं पुढं सांगितलं, "एका जागी बसवू नगस. डॉक्टरीण म्हणली, राहिलंय ते राखता येतंय. घरातलं माणूस आण म्हणली."

पुन्हा पावलं झाली. दोनच. मग तो आवाज, जो ह्या घरात कितीतरी दिवसांत झाला नव्हता: साडीचा काठ वर घेतल्याची सळसळ, एक पाय उचलला गेल्याची उणीव, आणि मग पलीकडे तो अलगद टेकल्याचा नाद. आरती रेघ ओलांडून आली होती. ती सासूच्या शेजारी फरशीवर बसली. तिचा दंड बयाबाईच्या दंडाला लागला, त्याला पीठ लागलेलं होतं.

"आजच जाऊ नारायणगावला," ती म्हणाली. "आन् डाळ तुमीच निवडायची. खडं मी बघीन."

"हे पुसतीस का आता? पाव्हणंरावळं येत्याल. पोरीच्या मैत्रिणी येत्यात."

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं. सुदर्शन बाजाराला निघाला होता, फोनवर कुणाशी तरी टोमॅटोच्या क्रेटचा भाव बोलत, हातात गाडीची किल्ली वाजवत. तो नेहमीच्या घाईनं हॉलमध्ये आला.

"थांबा," आरती म्हणाली. "उंबरा हाय तितं. पाय उचलून या."

"कसला उंबरा?" तो हसला, आणि फोन कानाशी तसाच धरून त्यानं खाली बघितलं असावं, कारण हसू मधेच तुटलं. फोनमधला माणूस हॅलो हॅलो करत राहिला. किल्ली वाजायची थांबली. लेकाची नजर रेघेवरून आपल्यापर्यंत येत्येय हे बयाबाईला कळत होतं, ऊन अंगावर सरकत यावं तसं. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि कान लावला. सारं घर गप्प होतं, पांढरं आणि गप्प; आणि त्या गप्पपणात, सावकाश, लहान पोरानं आईच्या धाकानं उचलावा तसा, एक पाय वर उचलला गेला.